आजोबांना उचलायचं कसं, असं विचारलंत म्हणून

“ताई, मी पाथर्डी फाट्याजवळच्या एका वृद्ध शुश्रूषा केंद्रात इन्चार्ज सिस्टर आहे. आमच्याकडे २६ आजी-आजोबा आहेत. त्यातले ९ जण पूर्ण अंथरुणावर. दिवसा चार मावशी आणि दोन मामा असतात, रात्री दोघंच. गेल्या पाच महिन्यांत आमच्या तिघांची कंबर धरली. एका मावशींच्या डाव्या पायात आता मुंग्या येतात, तरी त्या रोज येतात, कारण खाडा झाला की पगार कापला जातो. पॅरालिसिसचे एक आजोबा ८२ किलोंचे आहेत. त्यांना उचलायची वेळ आली की सगळे एकमेकांकडे बघतात. मालक म्हणतात, सगळ्यांना कमरेचे पट्टे आणून देतो, तुम्ही उचलायची बरोबर पद्धत शिकवा आणि यापुढे भरतीत दणकट मुलंच घ्या. तर बरोबर पद्धत कोणती? पट्टे घ्यावेत का? – एक सिस्टर, नाशिक”

सिस्टर,

बाकी सगळं नंतर. मुंग्या येणाऱ्या त्या मावशींना या आठवड्यातच हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवा. आज तुम्ही स्वतः एवढं बघा: त्यांना टाचांवर चार पावलं चालता येतं का? चालताना डाव्या पायातली चप्पल निसटते का? पायातली ताकद कमी झाली असेल तर आठवडाही थांबू नका. आणि लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, बसायच्या जागेला बधिरपणा येणं, यातलं एकही लक्षण दिसलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या हॉस्पिटलात न्या. खालच्या मणक्यातल्या नसांचा जुडगा दाबला गेला आणि उपचाराला उशीर झाला, तर गेलेला ताबा परत येईलच असं नाही.

एक विनंती आहे. आपल्याकडे उसण भरली की आधी पायाळू माणूस शोधतात, कमरेवर लाथ मारून घ्यायला. साधी उसण चार-आठ दिवसांत आपोआप उतरते, आणि श्रेय त्या लाथेला जातं. पण पायात मुंग्या असतील तर नस दाबलेली असू शकते. त्या कमरेवर कोणाचाही पाय पडू देऊ नका.

आता तुमचा प्रश्न. ८२ किलोंच्या माणसाला हातांनी उचलायची बरोबर पद्धत नाही. ती मला माहीत असून मी सांगत नाही असं नव्हे, ती नाहीच. मी फिजिओथेरपी शिकले तेव्हा आम्हालाही ‘गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा, वजन अंगाजवळ घ्या’ असंच शिकवलं होतं. बटाट्याच्या गोणीला ते ठीक आहे. पलंगावरचा माणूस तुमच्या अंगाजवळ येणार कसा? मध्ये पलंगाची कड आहे, रेलिंग आहे. तुम्हाला वाकून, हात लांब करूनच त्याच्यापर्यंत पोचावं लागतं.

तिथेच सगळं बिघडतं. कमरेचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतात. वजन जर मणक्यापासून पन्नास सेंटिमीटरवर असेल, तर तरफेच्या हिशोबाने त्या स्नायूंना दहापट ताकद लावावी लागते. हातात २० किलो म्हणजे कमरेत २०० किलोंची ओढ, वर तुमच्या स्वतःच्या वाकलेल्या धडाचं वजन वेगळं. ती सगळी ओढ मणक्यांमधल्या गादीवर दाब म्हणून येते. त्यातच पलंगावरून खुर्चीकडे वळताना कमरेला पीळ पडला, की गादीच्या कडेचे तंतू फाटायला सुरुवात होते. ते एका दिवसात होत नाही. महिनोन्महिने झिजत जातं आणि एखाद्या सकाळी खाली पडलेला टॉवेल उचलताना कंबर जाते. मग सगळे म्हणतात, ‘टॉवेल उचलताना कशी काय गेली?’

आपल्या पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचा भाव २० किलोंच्या क्रेटवर निघतो. अमेरिकेतली ‘नायॉश’ ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संशोधन संस्था वस्तू उचलण्यासाठी, सगळी परिस्थिती उत्तम असली तरी, २३ किलोंची मर्यादा धरते. २००७ मध्ये तिथल्याच थॉमस वॉटर्स या संशोधकाने माणसांना हलवण्याच्या कामासाठी ही मर्यादा ३५ पौंडांवर आणली, म्हणजे सुमारे १६ किलो. टोमॅटोच्या क्रेटपेक्षाही कमी. आणि तीसुद्धा रुग्ण शांत असेल, साथ देत असेल तर. तुमच्या आजोबांचा नुसता एक पाय १३ किलोंच्या आसपास भरेल. म्हणजे डायपर बदलताना एकटीने त्यांचे दोन्ही पाय वर धरले, तरी ती मर्यादा ओलांडली गेली.

‘दोघांनी मिळून उचललं तर?’ हाही प्रश्न येईलच. ओहायो स्टेट विद्यापीठात विल्यम मॅरास यांच्या गटाने १९९९ मध्ये प्रयोगशाळेत मणक्यावर येणारा भार मोजला, वेगवेगळ्या पद्धतींनी, एकट्याने आणि दोघांनी. दोघांनी मिळून, शिकवल्याप्रमाणे उचललं तरी कंबरेला धोका राहतोच, असं त्यात दिसलं. आणि २००८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा नुसतं उचलण्याचं प्रशिक्षण देऊन कंबरदुखी टळत असल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणून ‘तुम्ही पद्धत शिकवा’ असं म्हणून मालकांनी तुमच्यावर जे टाकलंय, ते तुम्ही कितीही जीव ओतून केलं तरी पुरं पडणार नाही. उद्या चौथ्या मावशींची कंबर गेली तर ‘सिस्टरांनी नीट शिकवलं नाही’ किंवा ‘मावशींनी चुकीचं उचललं’ असं कोणी म्हणू नये, म्हणून हे आधीच लिहून ठेवते.

पट्ट्याचंही तेच. नायॉशने १९९४ मध्येच सांगितलं होतं की, धडधाकट कामगाराला इजेपासून वाचवायला पट्टा उपयोगी पडतो याला पुरेसा आधार नाही. पुढे दुकानांमध्ये माल उचलणाऱ्या हजारो कामगारांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही पट्टा वापरल्याने कंबरदुखी किंवा नुकसानभरपाईचे दावे कमी झालेले दिसले नाहीत. पट्टा बांधला की माणसाला वाटतं आपण आता सुरक्षित आहोत, आणि तो जास्त वजनाला हात घालतो. डॉक्टरांनी एखाद्या दुखऱ्या कमरेला काही दिवसांसाठी दिला तर गोष्ट वेगळी. सगळ्या स्टाफसाठी पट्टे घ्यायचे पैसे दुसरीकडे लावा. कुठे, ते सांगते.

त्याआधी एक वही घाला. आठ दिवस, प्रत्येक पाळीत, कोणाला किती वेळा हलवलं, कुठून कुठे, किती जणांनी, एवढंच लिहायचं. तुमच्याच आकड्यांवरून मी हिशोब केला: ९ जणांची कूस दर दोन तासांनी बदलायची तर दिवसाला १०८ वेळा. त्यातल्या अर्ध्या रात्रपाळीत, म्हणजे दोन माणसांवर ५४. त्यात डायपर, चादरी, खाली घसरलेल्यांना वर ओढणं आलंच नाही. वही भरली की तुम्हाला दिसेल, सगळ्यात जास्त ओढाताण आजोबांच्या खुर्चीत बसण्यात नसून या छोट्या-छोट्या ओढण्यांमध्ये आहे. निदान मी जिथे जिथे अशी वही ठेवायला लावली, तिथे हेच निघालं. आणि वेळ पाहिलीत तर सकाळी सहा ते आठ. रात्रपाळी थकलेली, दिवसपाळी अजून पोचतेय, पेठ-हरसूलकडून येणाऱ्या मावशींची गाडी उशिरा, आणि सगळ्यांच्या आंघोळी नाश्त्याच्या आत उरकायच्या. अंथरुणावरच्यांच्या आंघोळी दुपारी घेतल्या तर कोणाचंही बिघडत नाही. देवाला फूल वाहायच्या आधी आंघोळ हवी असं एखाद्या आजींना वाटत असेल तर त्यांची आधी घ्या, बाकीच्यांना विचारा. सगळ्यांना सकाळीच हवी असते असं आपण गृहीत धरलेलं असतं.

घसरण्याचं कारण तर बहुतेक वेळा पलंगाच्या हँडलमध्येच असतं. तुमच्याकडे दोन हँडलचे फाउलर पलंग असतील ना? जेवण भरवायला आपण डोक्याकडची बाजू वर करतो आणि माणूस हळूहळू पायांकडे सरकत जातो. मग दोघी जणी काखेत हात घालून त्याला वर खेचतात. दिवसातून तीन-चारदा, प्रत्येकाला. आधी गुडघ्यांची बाजू थोडी वर घ्या आणि मग डोक्याची. उतरवताना उलट, डोकं आधी, गुडघे नंतर. मांड्यांना टेकू मिळाला की माणूस जागेवर राहतो. पाठीची, माकडहाडाची कातडी घासली जात नाही, म्हणजे बेडसोअरही कमी. यात एक रुपया खर्च नाही. एका हँडलचा पलंग असेल तर गुडघ्यांखाली उशी द्या, पण टाचा मोकळ्या राहतील अशी.

तरीही वर सरकवावं लागेलच. तेव्हा ओढायचं ते माणसाला नाही, कापडाला. स्लाइड शीट म्हणून विकत मिळते: गुळगुळीत नायलॉनच्या कापडाची रुंद नळी, आतून आणखी निसरडी. आतल्या दोन थरांमध्ये घर्षण इतकं कमी असतं की माणूस उचलावा लागतोच कुठे, तो सरकतो. विकतची घेता आली तर उत्तमच. नाहीतर मेन रोडला कापडाच्या दुकानात पॅराशूटचं किंवा छत्रीचं कापड मागा आणि शिंप्याकडून खांद्यापासून मांड्यांपर्यंत येईल अशी नळी शिवून घ्या. शिवण दुहेरी हवी आणि आजींच्या पाठीखाली गाठ किंवा जाड कड यायला नको. प्रत्येकाला आपली वेगळी शीट, नाव लिहून. एकाची दुसऱ्याला वापरली तर त्वचेचे आजार तुम्हीच पसरवाल.

वापर असा. पलंग सपाट करा. ज्यांना आडवं झोपल्यावर दम लागतो त्यांचं डोकं सोसेल तेवढंच खाली घ्या. कुशीवर वळवून शीट अर्धी गुंडाळून पाठीखाली सारा, दुसऱ्या कुशीवर वळवून बाहेर काढा. एक उशी डोक्याकडच्या फळीला उभी लावा, डोकं आपटू नये म्हणून. दोघी दोन बाजूंना, एक पाय पुढे एक मागे, तोंड ज्या दिशेने न्यायचं तिकडे. हात वाकवून खेचायचं नाही. शीट घट्ट धरून अंगाचा भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर टाकायचा. आजींना गुडघे वाकवता येत असतील तर त्यांनाही टाच रोवून ढकलायला सांगा. ‘मला काही येत नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी आजी हे करतात, आपण घाईत त्यांना विचारतच नाही. आणि काम झालं की शीट लगेच काढा. निसरड्या कापडावर कोणाला एकटं सोडलं तर ते पलंगावरून खाली येतील.

सरकवताना ‘एक, दोन, तीन’ मोजण्याबद्दल एक सांगते, कारण माझी स्वतःची कंबर त्यात गेली. इंटर्नशिपला होते. एका हॉस्पिटलात पेशंटला स्ट्रेचरवरून पलंगावर घ्यायचं होतं, समोर माझ्याच वयाचा मुलगा. ‘एक, दोन, तीन’ ठरलं. मी ‘तीन’ला उचललं, तो ‘तीन’ म्हणून झाल्यावर उचलणार होता. त्या अर्ध्या सेकंदात सगळं वजन माझ्या डाव्या बाजूला आलं. तेवीस वर्षांची होते. आजही डिसेंबरातल्या सकाळी मोजे घालायला वाकताना ती जागा बोलते. म्हणून मोजायचं ते ‘एक, दोन, तीन, सरकवा’, आणि हालचाल ‘सरकवा’ या शब्दावरच. मोजणार कोण तेही आधी ठरवा, शक्यतो डोक्याच्या बाजूला उभी असेल ती. आजोबांनाही मोजणं ऐकू जाऊ द्या. ऐकू कमी येत असेल तर खांद्यावर हात ठेवून बोटांनी मोजा. विसरभोळेपणाचा आजार असलेल्यांच्या समोरून या, नावाने हाक मारा, नजरेला नजर मिळू द्या. मागून अचानक धरलं तर ते घाबरून तुम्हालाच पकडतात, आणि त्या झटक्यात मान-खांदे जातात.

काखेत हात घालून उचलणं आजपासून बंद. यात मी जराही सूट देणार नाही. पॅरालिसिसच्या बाजूचा खांदा आधीच सैल झालेला असतो, तो अशा ओढण्याने निखळतो. आणि ओढणारीची कंबर जाते ती वेगळीच. आजींचे हात तुमच्या गळ्यात घालून घेणंही बंद. पायात त्राण गेलं की सगळं वजन तुमच्या मानेवर लटकतं.

ज्यांना पायांवर थोडाफार भार घेता येतो, त्यांना उठवायचं नसतं, उठू द्यायचं असतं. पलंगाची उंची अशी हवी की पाय जमिनीला पूर्ण टेकतील आणि गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली राहतील. कुल्हे कडेपर्यंत पुढे घ्यायचे, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, आणि ‘नाक पायाच्या अंगठ्यांवर आणा’ म्हणायचं. डोकं पुढे गेलं की कुल्हे आपोआप उचलले जातात. तुम्ही शेजारी उभ्या राहा, आधारासाठी रुंद सुती पट्टा त्यांच्या कमरेला बांधा, धरायला बंद शिवलेला. पट्ट्याने वर खेचायचं नाही. तो तोल सांभाळायला आहे. नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल, बरगडी मोडलेली असेल तर तो बांधायचा नाही. व्हीलचेअर पलंगाला तिरकी, सशक्त बाजूला. दोन्ही ब्रेक लावलेले, पायपट्ट्या बाजूला केलेल्या. पार्किन्सनच्या आजोबांना गोळी लागू पडल्यानंतर उठवा. त्याच माणसाला गोळीच्या आधी दोघं लागतात आणि नंतर एक पुरतं, हे मी अनेकदा पाहिलंय. प्लास्टिकच्या खोलगट खुर्च्या काढून टाका. त्यांच्यातून तर मलाही नीट उठता येत नाही. हातांची, जरा उंच लाकडी खुर्ची हवी.

प्रत्येकाच्या डोक्याशी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा: स्वतः उठतात, एकीचा हात लागतो, दोघी आणि पट्टा, किंवा फक्त लिफ्टर (माणसाला झोळीत उचलणारं यंत्र). रोज सकाळी बघा, ताप आला, रात्री झोप झाली नाही, तर कालची पाटी आज चालत नाही. नव्या मावशींना कोणी तोंडी सांगायची वाट बघावी लागू नये, एवढाच हेतू.

आता ते आजोबा. त्यांच्यासाठी लिफ्टर घ्यावाच लागेल. हाताने पंप मारायचा हायड्रॉलिक लिफ्टर पुरेसा आहे, विजेचा नसला तरी चालेल. मालकांना एकदा अंबडच्या वसाहतीत कोणत्याही कारखान्यात जाऊन विचारायला सांगा: ८२ किलोंचा लोखंडी जॉब मशीनवर चढवायचा तर काय करता? चेन पुली लावतात. दोन पोरांना हाताने उचलायला लावणाऱ्या सुपरवायझरला तिथे बोल खावे लागतील. लोखंडाला जे देतो ते माणसांना, उचलणाऱ्याला आणि उचलल्या जाणाऱ्यालाही, द्यायला नको का?

विकत घेण्याआधी मोजपट्टी घेऊन फिरा. लिफ्टरचे पाय पलंगाखाली गेले पाहिजेत. खाली सामान भरलेले कप्पे असतील तर ते जाणार नाहीत. दाराचे उंबरठे, बाथरूमची पायरी, व्हरांड्यातली वळणं बघा. रॅम्प, आधाराचे दांडे, अंथरुणावरच्यांच्या पलंगांना उंची देणारे पाय, ही कामं सातपूर-अंबडचा कोणताही फॅब्रिकेशनवाला करून देईल. लिफ्टर मात्र तिथे बनवून घेऊ नका. तो तपासलेला, वजनाची मर्यादा लिहिलेला, कंपनीचाच घ्या. झोळी, म्हणजे स्लिंग, माणसाच्या मापाची हवी. मोठी झाली तर आजोबा त्यातून घसरतील. प्रत्येक वेळी शिवण आणि पट्टे बघायचे, उसवलेली झोळी दुरुस्त न करता टाकून द्यायची. वापरताना कायम दोघं: एक पंपावर, एक आजोबांजवळ, डोळ्यांत बघत. थोडं वर उचलून थांबायचं, चारही पट्टे बसलेत ना ते बघायचं, मगच पुढे. लिफ्टर लांबच्या प्रवासासाठी नाही. व्हीलचेअर जवळ आणायची.

लिफ्टर आला की पहिल्या दिवशी नातेवाईक बोलणार. ‘आमच्या वडिलांना क्रेनने उचलता?’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. त्यामागचं दुःख खरं आहे. ज्याने आपल्याला खांद्यावर बसवून गोदाघाटावर नेलं, त्याला झोळीत लटकलेलं बघणं सोपं नाही. त्यांच्याशी वाद घालू नका. त्या मुलाला किंवा मुलीलाच एकदा झोळीत बसवून उचला. मावशी-मामांनाही प्रत्येकाला एकदा बसवा, तुम्हीही बसा. हातांनी उचलल्यावर बरगड्यांत रुतणारी बोटं आणि झोळीतला सरळ, संथ झोका, यातला फरक अंगाला कळतो. आणि काही मावशींना वाटेल की यंत्राने केलं तर ती सेवा कसली. त्यांना माझ्याकडून सांगा, तुमचे हात मोकळे झाले की तेच हात आजोबांच्या डोक्यावरून फिरतील. उचलताना ते फिरत नाहीत, तेव्हा दातओठ खाल्लेले असतात.

पडण्याबद्दल वेगळं लिहिते. चालताना कोणी कोसळायला लागलं की आपण झेप घेऊन पकडतो. ते इतकं आतून येतं की त्यासाठी कोणाला दोष देता येत नाही, पण कंबर, खांदा, कधी मनगट यातच मोडतं, आणि पडणाराही वाचतोच असं नाही. तुम्ही शेजारी, पट्टा धरून असाल तर स्वतः गुडघे वाकवत त्यांना तुमच्या मांडीवरून हळू जमिनीवर उतरवा, डोकं सांभाळा. लांब असाल तर धावून झेलू नका, वाटेतलं स्टूल-बादली सरकवता आली तर सरकवा. एकदा जमिनीवर आले की घाई संपली. जमिनीवर पडलेला माणूस आणखी कुठे पडणार नाही. पांघरूण घाला, बोला, कुठे दुखतंय विचारा. एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला, मान दुखत असेल, डोक्याला लागलं असेल, शुद्ध नसेल तर हलवू नका, १०८ ला फोन करा. काही लागलं नसेल आणि अंगात ताकद असेल तर कुशीवर, मग हात-गुडघ्यांवर, समोर भक्कम खुर्ची, तिच्यावर हात, एक पाऊल पुढे, आणि मागून दुसरी खुर्ची. त्यांनी स्वतः उठायचं, तुम्ही फक्त खुर्च्या सरकवायच्या. जमत नसेल तर लिफ्टर. चार जणांनी हात-पाय धरून उचलणं नको.

मावशींच्या पायांकडेही बघा. बाथरूममध्ये त्या अनवाणी असतात किंवा झिजलेल्या रबरी चपलांवर. साबणाच्या पाण्यात पाय घसरला तर वरची कुठलीच खबरदारी कामाला येत नाही. मागून पट्टा असलेल्या, न घसरणाऱ्या तळाच्या सॅंडल केंद्रानेच द्याव्यात आणि त्या केंद्रातच ठेवाव्यात. आंघोळीला चाकाची कमोड चेअर वापरा. तीच पाश्चात्त्य भांड्यावर सरकवता येते, म्हणजे पलंग-खुर्ची-कमोड-खुर्ची-स्टूल या चार उचलांची एक होते.

दणकट मुलांची भरती या विचाराला माझा स्पष्ट विरोध आहे. दणकट म्हणून घेतलेल्या मामांना मग प्रत्येक खोलीतून हाक येते. सगळ्यांचे सगळे उचल त्यांच्याच वाट्याला. वर्षा-दीड वर्षात तेच आमच्या दवाखान्यात येतात, आणि लाज वाटते म्हणून उशिरा येतात. शिवाय आजींना आंघोळीला, डायपरला बाई हवी असते, तो त्यांचा हक्क आहे. मणक्यातल्या गादीला दंडाच्या बेडकुळ्या दिसत नाहीत.

आता मालकांशी बोलायचं. त्यांना वाईट माणूस समजून जाऊ नका. पट्टे घ्यायला तयार आहेत म्हणजे खर्चाची तयारी आहे. भरलेली वही घेऊन जा. सोबत हेही सांगा: अमेरिकेत सहा वृद्ध शुश्रूषा केंद्रांमध्ये लिफ्टर घेतले, ते वापरायचं शिकवलं आणि हातांनी उचलायचं नाही असा नियम केला. आधीची आणि नंतरची वर्षं ताडून पाहिली तर रुग्ण हलवताना झालेल्या इजांचे भरपाईचे दावे ६१ टक्क्यांनी कमी झाले, आणि यंत्रांचा, प्रशिक्षणाचा खर्च तीन वर्षांच्या आत निघून आला. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तिथली भरपाईची पद्धत वेगळी, आपली वेगळी, हे खरं. पण तुमच्याकडेही तिघांच्या जागी बदली माणसं आणावी लागली असतील, त्यांना पगार द्यावा लागला असेल, नवख्या हातांनी कोणा आजींचं खरचटलं असेल. ते आकडे तुमच्याकडे आहेत, ते वहीच्या शेवटच्या पानावर मांडा.

आणि खाड्याचं. सगळ्या पाळ्या, स्वयंपाकघर, सफाई धरून तुमची माणसं दहाच्या वर जात असणार. तसं असेल तर ईएसआयसीची, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याची, नोंदणी आहे का, विचारा. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के भरले जातात. कामावर इजा होऊन काम करता येत नसेल तर त्या काळात पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम तिथून मिळते, उपचार सातपूरच्या कामगार रुग्णालयात होतात. मालकांच्या खिशातून बुडीत काही जात नाही. त्यासाठी इजा झाली त्याच दिवशी अपघात वहीत लिहिली गेली पाहिजे: वेळ, जागा, काय करत होत्या, कोण सोबत होतं. ‘बघू, उद्या बरं वाटेल’ म्हणून न लिहिलेली इजा पुढे सिद्ध करता येत नाही. आणि कंबर दुखते म्हणून पंधरा दिवस आडवंही पडू नये. दोन-तीन दिवसांनी हळूहळू चालणं सुरू करावं आणि बसून करायची कामं द्यावीत: भरवणं, औषधं लावणं, आजींशी पत्ते खेळणं. मावशी घरी गेल्यावर पाण्याचे हंडे उचलणार असतील, द्राक्षांच्या हंगामात सुट्टीच्या दिवशी बागेवर जाणार असतील, तर तेही विचारा. चौकशी म्हणून विचारा, पगार कापायला नाही.

पहिली शीट शिवून आली की आधी तुम्ही स्वतः तिच्यावर झोपा आणि दोन मावशींना तुम्हाला वर सरकवू द्या. मग शिकवायला सुरुवात करा ती रात्रपाळीच्या दोघांपासून. दिवसाच्या पाळीला हाक मारायला कोणीतरी असतं.